मानेतली नस आणि सुईचा नेम

जालना एमआयडीसी म्हटलं की आठवतात स्टीलचे कारखाने आणि सळयांनी भरलेले ट्रक. समजा, तिथल्या एखाद्या कामगाराची मान आखडली, कळ खांद्यातून बोटांपर्यंत जाते, मुंग्या येतात. एमआरआय सांगतो, गादी सरकून नस दबलीय. डॉक्टर म्हणतात, "इंजेक्शन देऊन बघू." घरचे म्हणतात, "मणक्यात सुई? लकवा होईल!" खरं काय? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

गंमत म्हणजे, आधी वाट सापडली, औषध नंतर आलं. १९०१ मध्ये पॅरिसला सिकार आणि कातेलां या दोघांनी, वेगवेगळं काम करत, माकडहाडाजवळून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर कोकेन सोडलं. दुखणं बधिर व्हायचं, पण सूज तशीच.

सूज उतरवणारं औषध आलं १९४८ मध्ये. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिझोन दिलं आणि काही दिवसांत त्या चालू लागल्या. १९५० मध्ये नोबेलही मिळालं. योगायोग बघा, १९४८ मध्येच आपल्याकडे ईएसआयचा कायदा झाला.

१९५२ मध्ये इटलीत रोबेक्की आणि काप्रा यांनी कमरेखालच्या नसेजवळ स्टेरॉइड सोडलं. वाट आणि औषध एकत्र आलं.

पण मान म्हणजे कंबर नव्हे. इथे नसेला खेटून मेंदूला रक्त नेणारी धमनी आहे, शेजारीच मज्जारज्जू. काही स्टेरॉइडमध्ये बारीक कण असतात. ते चुकून धमनीत गेले तर रक्त अडू शकतं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला: क्वचित, पण पक्षाघात, दृष्टी जाणं, मृत्यूही होऊ शकतो. म्हणजे घरच्यांची भीती अगदीच खोटी नाही. म्हणूनच आज सी-आर्मच्या एक्स-रेखाली, रंगद्रव्य सोडून, सुईचं टोक पाहून औषध देतात.

आणि ही सुई सरकलेली गादी जागेवर बसवत नाही. आराम मिळाला तर काही आठवडे, काही महिने. बऱ्याच जणांची नस तेवढ्या काळात आपोआपही शांत होते.

तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी बिनधास्त विचारा: अजून थांबता येईल का? सुई एक्स-रेखाली देणार का? स्टेरॉइड कणांचं की बिनकणांचं? मात्र हाताची ताकद जात असेल, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

भेटू पुढच्या भागात. मान सांभाळा, मोबाइल जरा वर धरा!