निद्रेतील श्वासरोध : उपहासापासून उपचारापर्यंत

आपल्या कर्मसाहित्यात दर्शनावरणीय कर्माचे नऊ भेद सांगितले आहेत आणि त्यांपैकी पाच केवळ निद्रेचे आहेत. सहज जाग येते ती निद्रा, कष्टाने जाग येते ती निद्रानिद्रा, बसल्या वा उभ्या जागी येते ती प्रचला, चालताचालता येते ती प्रचलाप्रचला आणि पाचवी स्त्यानगृद्धी. झोपेचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या परंपरेत वाढूनही व्याख्यानात डुलक्या घेणाऱ्या श्रावकास आपण हसतो व प्रमादी ठरवून मोकळे होतो. आदल्या रात्री त्याचा श्वास किती वेळा अडकला होता, हे आपणांस ठाऊक नसते. दशप्राणांत ज्याची गणना होते तो श्वासोच्छ्वासच झोपेत वारंवार रोखणाऱ्या या विकारास वैद्यकात ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ असे नाव आहे.

या विकाराची पहिली ठळक नोंद विनोदी कादंबरीत सापडते. चार्ल्स डिकन्स यांच्या १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. काम करता करता तो झोपतो, घोरतो आणि वाचक हसतात. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेतील बरवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्थूल व्यापाऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावात हाती उत्तम पाने आलेली असताना या गृहस्थांना झोप लागली व डाव हातचा गेला! त्यांच्या विकारास ‘पिकविकियन सिंड्रोम’ असे नाव देण्यात आले. मात्र रात्री नेमके काय घडते, याचा उलगडा तेव्हाही झाला नाही.

तो झाला १९६५ मध्ये. फ्रान्समध्ये गास्तो व त्यांचे सहकारी, तर जर्मनीत युंग व कुह्लो यांनी अशा रुग्णांच्या झोपेचे रात्रभर आलेखन केले. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वायुमार्ग मिटतो, छाती धडपडते पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा आवाज करून श्वास सुटतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. दिवसाची डुलकी हा या रात्रभराच्या झुंजीचा थकवा होता. दोष स्वभावाचा नव्हता, हे यंत्राच्या कागदावर उमटले.

उपचार मात्र कठोर होता. १९६९ पासून गळ्यास छिद्र पाडून नळी बसविण्याची शस्त्रक्रिया अशा रुग्णांवर करण्यात येऊ लागली. जून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे एका रुग्णाने ती नाकारली. त्या वेळी डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे सौम्य दाबाने अखंड हवा सोडून वायुमार्ग उघडा ठेवण्याचा प्रयोग त्याच्यावर केला. निद्रेतील श्वसनाच्या अभ्यासासाठी कुत्र्यांकरिता बनविलेल्या मुखवट्यांवरून त्यांस ही युक्ती सुचली होती. (प्राण्यांवरील प्रयोगांविषयी आपली भूमिका वेगळी आहे; परंतु इतिहास लपविणे योग्य नव्हे.) रुग्ण त्या रात्री गाढ झोपला. पाच रुग्णांवरील अनुभव १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘सीपॅप’ यंत्राची परंपरा तेथून सुरू होते. हे यंत्र प्राणवायू देत नाही, खोलीतील साधी हवाच दाबाने देते, हे येथे सांगितले पाहिजे. कारण ‘यंत्र लागले म्हणजे शेवट आला’ अशी भीती अनेक घरांत आढळते.

हा विकार आपल्यापासून दूर आहे असे मानू नये. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांनी ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांची पाहणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सुमारे १९.५ टक्के पुरुषांत निद्राश्वसनाचा दोष, तर ७.५ टक्क्यांत दिवसाच्या झोपेसह पूर्ण विकार आढळला. रात्री गाडी चालवून बाजारपेठा गाठणारे आपले व्यापारी बंधू याच वयाचे असतात.

निदानाच्या रात्री, दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबल्याचे किंवा मंदावल्याचे प्रसंग मोजतात. ताशी पाचपर्यंत चिंता नसते. तीसच्या पुढे विकार तीव्र समजतात. त्यानंतर ‘टायट्रेशन’ म्हणजे दाब ठरविण्याची चाचणी होते. तंत्रज्ञ दाब सामान्यतः पाण्याच्या ४ सेंटिमीटरपासून हळूहळू वाढवीत, कोणत्या दाबास श्वास मोकळा होतो ते पाहतो. त्या दिवशी डोके धुवावे, तेल लावू नये, नाहीतर डोक्यावरील तारा चिकटत नाहीत. दाढी करावी, नखांचा रंग काढावा. दुपारी झोपू नये व दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. नेहमीची औषधे वैद्यांना विचारल्याविना बंद करू नयेत. चौविहार असल्यास तंत्रज्ञास आधीच सांगावे, कारण हवेने घसा कोरडा पडतो. आर्द्रता देणाऱ्या पात्राची सोय करता येते. पौषधाच्या रात्री यंत्राचे काय करावे, हे गुरुभगवंत व वैद्य दोघांनाही आधी विचारून ठेवावे.

दाब ठरल्याखेरीज यंत्र विकत घेऊ नये. मुखवटा केवळ नाकाचा की नाकतोंडाचा, हे आडवे पडून, लावून पाहूनच ठरवावे. मुखवटा बोचला की यंत्र कपाटात जाते. पात्रात शुद्ध केलेले पाणी घालावे, सकाळी ते काढून पात्र कोरडे करावे. शिळे पाणी न ठेवण्याची आपल्या घरांतील शिस्त येथे आयती उपयोगी पडते.

आपल्या ट्रस्टच्या रुग्णसाहित्य केंद्रातून खाट वा वॉकर जसा कोणीही नेतो, तसे हे यंत्र नेता येत नाही. एका बंधूंनी दिवंगत वडिलांचे सीपॅप भेट दिले, तेव्हा हा प्रश्न समितीपुढे आला. मुखवटा व नळी बाद केली, यंत्र तपासून घेतले आणि चाचणी झालेल्या एका भगिनींच्या वैद्यांकडून त्यांचा दाब त्यात भरून घेतला. त्या चाचणीच्या अहवालाची प्रत यंत्राच्या पेटीत ठेवली आहे.