सूर्यामागे फिरणारी चौकट

इ. स. १८७८ च्या सुमारास मुंबईत एका इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्याच्या आवारात एक विलक्षण चौकट उभी राहिली. अधिकाऱ्याचे नाव विल्यम ॲडम्स, हुद्दा डेप्युटी रजिस्ट्रारचा. म्हणजे दिवसभर कागदांत बुडालेला माणूस. चौकटीत १७ इंच लांब व १० इंच रुंद असे साधे सपाट आरसे बसविलेले होते. प्रत्येक आरसा असा कललेला, की साऱ्यांचे कवडसे एकाच जागी पडावेत. तेथे लाकडाचा तुकडा धरला तर तो तत्काळ पेट घेई. असे ७२ आरसे लावले म्हणजे १२०० अंश फॅरनहाइट उष्णता मिळेल, हे त्याचे गणित. पुढे त्याने त्या जागी बॉयलर ठेवला आणि अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन दोन आठवडे, दिवसाउजेडी, निव्वळ उन्हावर चालविले.

आरशांनी ऊन एकवटण्याची युक्ती जुनीच. अडचण असते ती सूर्याची. तो तासाला १५ अंश सरकतो. (खरे तर आपण सरकतो, पण वर्गाबाहेर पडलो की मीदेखील सूर्यालाच फिरवतो.) सकाळी नेमका जुळविलेला कवडसा थोड्याच वेळात भलतीकडे जातो. फ्रान्समध्ये तूर येथील विद्यालयात गणित शिकविणाऱ्या ओग्युस्तँ मूशो नामक शिक्षकाने ह्याच प्रश्नाशी अनेक वर्षे झुंज घेतली. १८६१ साली त्याने आपल्या सौरयंत्राचे पेटंट घेतले आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात तर उन्हाच्या बळावर चक्क बर्फ करून दाखविला. परंतु त्याची परात आणि बॉयलर हे सारे धूड एकत्र फिरवावे लागे. ॲडम्सचा आक्षेप नेमका ह्यावर होता. परात मोठी केली की फिरवता येत नाही, आणि चकाकता पत्रा लवकर काळवंडतो. म्हणून त्याने बॉयलर जागचा हलविलाच नाही. आरशांची चौकट अर्धवर्तुळाकार रुळांवर ठेवली आणि ती बॉयलरभोवती ढकलायची, एवढेच काम एका गड्याकडे दिले. दिवसातून तीनचार वेळा ढकलली तरी भागेल, असे तो म्हणतो.

ह्या ॲडम्सने काहीही लपविले नाही. सरसेनापती, न्यायाधीश, गिरणीमालक, लष्करी इंजिनिअर अशा बड्या मंडळींना बोलावून त्याने प्रयोग दाखविला, वर्तमानपत्रांना कळविले, 'सोलर हीट' नावाचे पुस्तकही लिहिले. मग तो थांबला. जागचा बॉयलर आणि भोवती सूर्यामागे वळणारे आरसे ही कल्पना पुढे कॅलिफोर्नियात १९८२ साली 'सोलर वन' ह्या वीजकेंद्रात १८१८ आरशांनिशी चालू झाली.

हा इतिहास मी शोधला तो कुतूहलापोटी नव्हे. तसे निमित्तच पडले.

मी बडोद्यातील एका हायस्कुलाचा मुख्याध्यापक, विषय इतिहास, राहणे तरसालीला. तरसाली हे शहराच्या दक्षिण टोकाचे एके काळचे गाव. आता आयटीआय, सोसायट्या आणि शेजारची मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत ह्यांत जिरून गेले आहे. माझा एक जुना विद्यार्थी त्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडला आणि मकरपुऱ्यात छोटे वर्कशॉप चालवतो. सौरपटलांच्या सांगाड्यांचे सुटे भाग तो करतो. एके रविवारी हातात कागदांचे भेंडोळे घेऊन आला आणि म्हणाला, "सर, पेटंटवाल्यांनी वांधा काढलाय."

'वांधा' हा शब्द गुजरातीत आणि आपल्यात सारख्याच सुखाने नांदतो. तुम्हां सीमाभागातल्या वाचकांना अशा शब्दांची मौज वेगळी सांगायला नको. पेटंटच्या कायद्यात त्याला आक्षेप म्हणतात आणि ज्या कागदात तो येतो त्याला पहिला परीक्षण अहवाल. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते. मग परीक्षक तो तपासतो आणि अहवाल पाठवतो. उत्तराला सहा महिने. पोराने चारपाच महिने तो कागद टेबलाच्या खणात ठेवला होता, कारण इंग्रजी पाहूनच त्याला घाम फुटला. हे अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच करावे लागतात. म्हणजे ज्या मराठी-गुजराती शब्दांत तो रोज काम करतो त्यांतला एकही तिथे चालत नाही.

त्याची करामत अशी. सूर्यामागे वळणारी पटले एका लांब पोलादी नळीवर बसवितात. नळी उत्तर-दक्षिण असते. सकाळी ती पटलांना पूर्वेकडे कलविते, संध्याकाळी पश्चिमेकडे. खांबाखांबावर नळीला धरणारे क्लॅम्प आणि त्यांत बुश असतात. आता ६० मीटर लांबीची पोलादी नळी घ्या. पहाटेपासून दुपारपर्यंत ती ४० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे २९ मिलिमीटर लांबते. रात्री पुन्हा आखडते. ह्या येण्याजाण्यात बुशात धूळ शिरते, घासते, आणि एक दिवस नळी अडकते. इथला उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही धूळ समजावून सांगावी लागणार नाही. माझ्या विद्यार्थ्याने बुशाच्या आतल्या अंगाला तिरप्या खाचा पाडल्या. नळी रोज जी सरकते, तिच्या सरकण्यानेच धूळ खाचांतून बाहेर ढकलली जाते. जो ताप होता तोच झाडूवाला झाला.

परीक्षकाचे म्हणणे: क्लॅम्प जुना, बुश जुना, खाचाही जुन्या. पुरावा म्हणून तीन जुने दस्तऐवज जोडलेले. शिवाय कलम ३ (एफ). ह्या कलमाप्रमाणे, माहीत असलेली साधने नुसती शेजारीशेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले जुने काम स्वतंत्रपणे करीत राहिले, तर तो शोध मानला जात नाही.

मी वकील नाही. पण ते कागद वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, हा परीक्षक माझाच व्यवसायबंधू आहे. तो विचारतो ते तीनच प्रश्न: हे नवे आहे काय? जाणत्या कारागिराला सहज सुचण्यासारखे आहे काय? उद्योगात उपयोगी आहे काय? पैकी पहिले दोन प्रश्न निव्वळ इतिहासाचे आहेत. कोणी, केव्हा, कुठे, कोणत्या कागदात. आणि अर्जाच्या तारखेच्या आधी की नंतर? शिवकालीन पत्राची तारीख ठरविताना आमच्या क्षेत्रात जी पराकाष्ठा चालते तीच इथे बुशाच्या खाचेसाठी चालते. उलट इथली शिस्त कडक म्हणायची. आमच्यात बखरीवरही काही वेळ तगता येते.

सूर्याचा पाठलाग हीच कल्पना नवी म्हणून कोणी आज अर्ज केला तर ॲडम्सचे एकटे पुस्तक त्याचा मार्ग अडवील. ॲडम्सच्याही मागे जाता येते. दुर्बिणी आकाशाबरोबर घड्याळाच्या यंत्राने फिरविणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रूढ झाले होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात प्रा. नायगमवाला ह्यांनी १८८८ साली जी वेधशाळा उभारली तिला भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींचे नाव होते; गुजरातच्या पैशाने पुण्यात तारे पाहिले गेले, हे दोन्हीकडच्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. तिथली २० इंची दुर्बीण १९१२ नंतर कोडाईकनालला गेली. पुढे १९१३ साली इजिप्तमध्ये मादी येथे फ्रँक शूमन ह्या अमेरिकनाने २०४ फूट लांबीची पाच आरसेपन्हाळी बसविली, ती आपोआप सूर्याकडे वळत आणि नाईलचे पाणी उपसत. तेव्हा 'वळणे' हे केव्हाच साऱ्यांचे झाले आहे. उरला आहे तो नळी, क्लॅम्प आणि बुश यांचा बारीक प्रांत. आजचे भांडण त्या प्रांतात आहे, आणि तिथे मकरपुऱ्याच्या फिटरलाही जागा आहे.

आपल्याकडचा कायदा ॲडम्सपेक्षा वयाने मोठा आहे. पहिला १८५६ चा, आणि त्याखालचा पहिला अर्ज कशाचा, तर पंखा ओढण्याच्या यंत्राचा! कलकत्त्याच्या डी पेनिंग साहेबांना उकाडा फार होत असावा. तो कायदा लवकरच रद्द होऊन १८५९ चा आला, मग १८८८, १९११, आणि स्वतंत्र भारताचा १९७० चा, जो १९७२ साली अमलात आला. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या.

ह्या कायद्यातील दोन गोष्टी आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या माणसांनी मुद्दाम जाणून घ्याव्यात. एक म्हणजे, पूर्वी छापलेला मजकूर कोणत्याही देशातला, कोणत्याही भाषेतला असला तरी पुरावा म्हणून चालतो. अर्ज मराठीत करता येत नाही, परंतु दुसऱ्याचा अर्ज मराठी कागदाने पाडता येतो. उद्या ह्याच दिवाळी अंकात कोणी आपल्या गावच्या लोहाराने केलेल्या औताची आकृती नीट छापली तर हा अंक परीक्षकासमोर ठेवता येईल. दुसरी गोष्ट त्याहून मोठी: २००२ च्या दुरुस्तीनंतर एखाद्या स्थानिक समाजात तोंडी चालत आलेले ज्ञानही विरोधासाठी ग्राह्य धरले जाते. तरीही तोंडाचे तोंडात राहिले तर सिद्ध कोण करणार? हळदीने जखम भरते हे आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक होते. पण त्यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. ते १९९७ साली रद्द झाले ते आजीच्या शब्दावर नव्हे. डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दूतले जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय निबंध पुढे ठेवला म्हणून.

आता विद्यार्थ्याच्या वांध्याकडे वळतो. कलम ३ (एफ) च्या मागे जो विचार आहे त्याचा मोठा खटला आपल्याकडे झाला तो मिर्झापूरच्या भांड्यांवरून. भांडी लेथवर घासताना ती निसटून उडत, कारागिराला इजा होई. एका कारखान्याने भांडे दोन्ही बाजूंनी दाबून धरण्याची सोय केली आणि १९५१ साली पेटंट मिळविले. दुसऱ्याने तसेच केले, खटला उभा राहिला. अलाहाबादच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले, तिथल्याच खंडपीठाने ते उचलून धरले, आणि अखेरीस १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायमचे रद्द ठरविले. न्या. सरकारिया ह्यांनी लिहिलेल्या निकालाचे सार असे की, माहीत असलेल्या साधनात वर्कशॉपमध्ये होणारी नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे. जुन्या गोष्टी एकत्र आणल्या तर त्यांतून काही नवा परिणाम निघाला पाहिजे. धरून ठेवण्याच्या साधनावरचाच खटला होता हे विशेष. ॲडम्सच्या पुस्तकाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

काही जणांना हा निकाल कारागिरांवर अन्याय वाटतो. मला तो तसा वाटत नाही. प्रत्येक क्लॅम्पवर कोणाचा तरी वीस वर्षांचा हक्क बसला, तर मकरपुऱ्यातल्या शंभर छोट्या वर्कशॉपांनी काम कसे करायचे? परीक्षक जो अडसर घालतो तो माझ्या विद्यार्थ्याला आज जाचतो, पण एरवी त्याचेच रक्षण करतो. हे मी त्याला सांगितले. त्याला ते फारसे पटले नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही पटले नसते.

प्रश्न एवढाच उरला की, त्याच्या बुशात 'नवा परिणाम' आहे काय. माझ्या मते आहे. खाचा आणि नळीचे सरकणे एकमेकांवाचून काम करीत नाहीत. सरकली नाही तर धूळ निघत नाही, खाच नसेल तर सरकण्याने धूळ आतच मळली जाते. ही शेजारीशेजारी मांडणी नव्हे. परंतु हे त्याने अर्जात लिहिले होते काय? अर्ज एकदा दिला की नंतर त्यात नवा मजकूर घालता येत नाही. स्पष्टीकरण, दुरुस्ती चालते, भर चालत नाही. आम्ही दोघांनी दोन संध्याकाळी त्याचे तपशीलपत्र ओळ न् ओळ वाचले. खाचा किती मिलिमीटरच्या, कोन किती, माल कोणता, हे सारे होते. कशासाठी, हे मात्र नव्हते. त्याला वाटले होते, पाहणाऱ्याला कळेलच! अखेर आकृतीच्या खालच्या वर्णनात एक वाक्य सापडले. नळी उष्णतेने पुढेमागे होताना आतील कण खाचांच्या वाटे बाहेर पडतात, अशा अर्थाचे ते इंग्रजी वाक्य होते. तेही त्याने नव्हे, अर्ज टाइप करून देणाऱ्याने त्याला विचारून घातलेले.

त्या वाक्यावर सारे उत्तर उभे केले. मसुदा अर्थात एका जाणकार पेटंट एजंटाने केला. मी फक्त कोणता जुना कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही ह्याचा तक्ता करून दिला. तीन दस्तऐवजांपैकी एकात खाचा होत्या, पण तेल धरून ठेवण्यासाठी. दुसऱ्यात नळीचे सरकणे होते, पण ते थांबविण्यासाठी. मुदतीच्या आत उत्तर गेले. सुनावणी व्हायची आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही; मिर्झापूरच्या खटल्यात खुद्द न्यायमूर्तींचेच एकमत होईना.

मध्यंतरी तो आपली पहिली रेखाटने घेऊन आला. जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढलेली, काहींवर चहाचे डाग, तारीख एकावरही नाही. पावत्यांच्या पुढच्या बाजूला मात्र दुकानदाराची तारीख होती. त्या क्रमाने मी ती लावली, प्रत्येकाच्या मागे काय आहे ते लिहून खाली दोघांनी सह्या केल्या, आणि शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टरांच्या शेजारी ठेवून दिली.