त्रास नक्की कोणाचा? सखाराम गणेश पंडितांचा खटला आणि एक हार्डशिप लेटर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातले 'तर' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

आजची गोष्ट अजिंठ्यातून सुरू होते. लेण्यांतून नव्हे, गावातून. अजिंठा म्हटलं की लोकांना लेणीच आठवतात, पण लेणी घाट उतरून खाली फर्दापूरकडे. गाव घाटाच्या वर, सिल्लोड तालुक्यात. तिथल्या एका ओळखीच्या मावशींनी मला घरी बोलावलं. नाव सांगत नाही, गावही मोठं नाही. चहा झाला, आणि त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार पानं काढून पुढ्यात ठेवली. "तुम्ही इतिहासाचं लिहिता ना, मग हे जरा नीट करून द्या."

अर्ज होता. अमेरिकेच्या सरकारला.

मावशींचा मुलगा तिकडे नोकरीच्या व्हिसावर गेला होता. मुदतवाढीचा अर्ज नामंजूर झाला, तरी तो थांबला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिथल्याच एका नागरिक मुलीशी लग्न झालं. कागदपत्रं व्हायच्या आत इकडे वडील अंथरुणाला खिळले, आणि हा कोणाला न विचारता विमानात बसला. वडिलांचं शेवटचं दर्शन झालं, पण परतीचं दार बंद झालं. तिथल्या 1996 च्या कायद्याप्रमाणे वर्षभर किंवा त्याहून जास्त बेकायदा राहून जो देश सोडतो, त्याला दहा वर्षं पुन्हा प्रवेश नाही. त्यातून सूट हवी तर अर्ज करायचा, आणि त्याला जोडायचं ते पत्र म्हणजे हार्डशिप लेटर. आपल्या भाषेत हलाखीची कैफियत म्हणा.

मावशींच्या चार पानांत काय नव्हतं! नवऱ्याचं आजारपण, कर्ज, कापसाचा भाव, पोराला रात्र रात्र झोप नाही, त्याला असं बघवत नाही. वाचून माझा घसा दाटला. पण तिकडच्या वकिलानं ती पानं परत पाठवली होती, आणि वर एकच प्रश्न लिहिला होता: हा त्रास कोणाचा?

आता हा प्रश्न कठोर वाटतो. पण तो कुठून आला हे बघायला शंभर वर्षं मागे जावं लागतं, आणि तिथं आपल्याला भेटतात सखाराम गणेश पंडित.

नाव अगदी मराठी वळणाचं आहे ना? जन्म 1875 चा, अहमदाबादचा. पेशवे-गायकवाडांच्या काळापासून त्या बाजूला मराठी कुटुंबं राहत आलीत. पंडित विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत गेले. भारतीय तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत. 1914 मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टानं त्यांना नागरिकत्व दिलं. सरकारी अधिकाऱ्यानं तेव्हा हरकत घेतली होती, कोर्टानं ती ऐकून फेटाळली, आणि सरकार अपिलात गेलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. 1917 मध्ये पंडित कॅलिफोर्नियात वकील झाले. 1920 मध्ये लिलियन स्ट्रिंगर या गोऱ्या अमेरिकन बाईंशी त्यांनी लग्न केलं.

हरकत कसली होती? तर 1790 च्या कायद्यानुसार नागरिक व्हायला माणूस 'गोरा' असावा लागे. 1870 मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातली माणसं मधल्या मधे लटकत राहिली. भारतीयांचा युक्तिवाद असा, की आम्ही आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणून गोरे. काही कोर्टांनी तो मान्य केला, काहींनी नाही. (हा युक्तिवाद जातीच्या अभिमानावर उभा होता, हेही सांगून टाकतो. आज तो वाचताना अवघडायला होतं.)

मग भगतसिंग थिंद यांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. थिंद पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात नोकरी केलेले. त्यांचे वकील कोण? आपले पंडित. 19 फेब्रुवारी 1923 रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकाल दिला: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, आणि हिंदुस्थानी माणूस त्यात बसत नाही.

खटला हरला अशिलाचा, पण पायाखालची जमीन वकिलाचीही सरकली. सरकारनं ठरवलं की ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालंय त्यांचंही काढून घ्यायचं. अक्षयकुमार मजुमदार यांच्यासारख्यांचं नागरिकत्व गेलं, आणि पंडितांवरही दावा दाखल झाला.

इथं पंडितांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. मी गोरा आहे की नाही, या वादात ते अडकून पडले नाहीत. तो सुप्रीम कोर्टात संपला होता. त्यांनी कोर्टापुढं स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मांडला. 1914 मध्ये तुम्ही मला नागरिक केलंत. त्या भरवशावर मी एकेक पाऊल टाकलं. आता ते काढून घ्याल तर कोणतं पाऊल कुठं कोसळेल ते पाहा.

पहिलं, देश. अमेरिकन होताना ब्रिटिश प्रजाजन म्हणून असलेलं नातं त्यांनी सोडलं होतं. आता ते कुठल्याच देशाचे उरणार नव्हते.

दुसरं, पोट. नागरिकत्व गेलं की वकिली गेली.

तिसरं, संसार. लग्नाच्या वैधतेवरच प्रश्न उभा राहणार होता. शिवाय 1907 च्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जात असे. 1922 च्या केबल कायद्यानं त्यात सुधारणा केली खरी, पण नवरा नागरिक व्हायलाच 'अपात्र' असेल तर तिला संरक्षण नव्हतं. पंडित कधी नागरिक नव्हतेच असं ठरलं, तर लिलियन यांच्या नागरिकत्वावरही गदा येणार होती. बाई जन्मानं अमेरिकन. त्यांचा दोष काय?

न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांना हे पटलं. कायद्यात याला 'इक्विटेबल एस्टॉपेल' म्हणतात. साधा अर्थ असा, की तुमच्या शब्दावर विसंबून समोरच्यानं आयुष्य उभं केलं असेल, तर तुम्हाला शब्द फिरवता येत नाही. सरकार अपिलात गेलं. 1926 मध्ये अपील कोर्टानंही पंडितांच्या बाजूनं निकाल दिला. तिथं जोर होता तो जुन्या मुद्द्यावर: 1914 ला हरकत घेतलीत, हरलात, अपील केलं नाहीत, आता तोच वाद उकरता येणार नाही. 1927 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायला नकार दिला. त्यानंतर सरकारनं भारतीयांविरुद्धची अशी बाकीची प्रकरणं सोडून दिली. एका माणसाच्या कैफियतीनं इतरांचंही घर वाचलं.

पण सगळ्यांचं नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वैष्णोदास बगाई नावाचे व्यापारी होते. 1915 मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह आले, 1921 मध्ये नागरिक झाले, दुकान थाटलं. थिंद निकालानंतर नागरिकत्व गेलं. कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्यामुळं अपात्र परदेशी माणसाला मालमत्ता राखता येत नव्हती. नातलगांना भेटायला भारतात जायचं म्हटलं, तर अमेरिकन पासपोर्ट नाकारला गेला. ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले. ज्या राज्याला सोडून आलो त्याचाच कागद हातात घ्यायचा? 1928 मध्ये बगाईंनी आयुष्य संपवलं. जाताना त्यांनी वर्तमानपत्रासाठी पत्र लिहून ठेवलं. एका अर्थी तेही हार्डशिप लेटरच. फक्त ते ज्यानं वाचायला हवं होतं त्या टेबलावर कधी गेलं नाही.

मी या दोघांचा विचार करत राहतो. त्रास दोघांचा जवळपास सारखाच. पंडित स्वतः वकील होते, कोणता त्रास कोणत्या कलमात बसतो हे त्यांना ठाऊक होतं. बगाईंच्या हातात ते हत्यार नव्हतं.

पुढं हा हिशेब कायद्यातच शिरला. 1940 च्या अमेरिकन कायद्यात हद्दपारी थांबवायची तर नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराचं, आईवडिलांचं किंवा अज्ञान मुलाचं गंभीर आर्थिक नुकसान दाखवावं लागे. 1952 मध्ये 'हार्डशिप' हा शब्द आला. 1957 मध्ये प्रवेशबंदीतून सूट देताना 'एक्स्ट्रीम हार्डशिप' आलं. 1996 मध्ये दहा वर्षांची बंदी आली, आणि तिच्यातून सुटायला फक्त नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराचा नाहीतर आईवडिलांचा अतोनात त्रास धरला जाऊ लागला. अर्जदाराचा स्वतःचा त्रास त्यात मोजत नाहीत. अजिंठ्याच्या आईचाही नाही, कारण ती तिथली नागरिक नाही.

मावशींना हे सांगताना मला फार जड गेलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं काहीच नाही?" मी म्हटलं, "मावशी, तुमचं सगळं आहे. पण त्या टेबलावर सूनबाईचं लागतं."

सूनबाईचं पत्र मागवलं. ते चार ओळींचं! नवरा चांगला आहे, आठवण येते, लवकर पाठवा. इकडे चार पानं, तिकडे चार ओळी. मग व्हिडिओ कॉलवर बसलो आणि नुसते प्रश्न विचारत गेलो. घरभाडं कोण भरतं? तुझ्या आईला दवाखान्यात कोण नेतं? तू रात्रपाळीला असलीस की तिच्याजवळ कोण? तू इथं राहायला आलीस तर काय करशील? ती नर्स आहे, आणि तिथलं लायसन्स इथं तसंच चालत नाही. आईचं औषधपाणी सोडून येता येत नाही. मराठी येत नाही. हे तिनं लिहिलंच नव्हतं. रडगाणं वाटेल म्हणून.

वकिलांच्या सांगण्यावरून पत्राचे दोन भाग झाले. वेगळं राहिलो तर काय, आणि मी तिकडे गेले तर काय. प्रत्येक वाक्यामागं कागद: भाड्याची पावती, डॉक्टरचा दाखला, पगाराची स्लिप, कर्जाचा हप्ता. नवरा मुदतीनंतर थांबला ही चूक सरळ कबूल केली, लपवली नाही. कारण तिथं खोटं सापडलं तर सूट राहिली बाजूला, नवीनच बंदी लागते. (मी वकील नाही, बरं का. असा प्रसंग असेल तर जाणकार वकील गाठा. नुसता फॉर्म भरून देणारे एजंट आणि वकील यांत फरक असतो.)

मावशींच्या घरातून निघताना त्यांनी एक आठवण सांगितली. त्यांचे आजोबा निजामाच्या राजवटीत कचेरीत अर्ज द्यायचे. भाषा उर्दू, आजोबांना येत नसे. बाहेर अर्जनवीस बसायचा. त्याला सगळं सांगायचं, तो त्यातलं निम्मं गाळून लिहायचा. आजोबा चिडायचे, की माझं दुःख यानं कापलं. आणि अर्ज मंजूर झाला की त्यालाच पेढे द्यायचे.

अमेरिकेनं भारतीयांना नागरिकत्वाचं दार कायद्यानं उघडलं ते 2 जुलै 1946 ला, लूस-सेलर कायद्यानं. नव्यानं येणाऱ्यांसाठी मात्र कोटा वर्षाला शंभर माणसांपुरताच. पंडित ते बघायला होते. ते 1959 मध्ये वारले.

मावशींच्या मुलाचा निकाल अजून आलेला नाही. तो सध्या सिल्लोडला एका दुकानात हिशेब बघतो आणि रात्री उशिरा, तिकडे सकाळ झाली की, फोनवर बोलतो. मावशींची चार पानं आम्ही टाकली नाहीत. अर्जाच्या शेवटी पुरवणी म्हणून जोडलीत, इंग्रजी भाषांतरासह. वकील म्हणाले, मोजलं जाणार नाही कदाचित, पण वाचलं तर जाईल.

तुमच्या घरात असा एखादा जुना अर्ज, कैफियत, परदेशातून आलेलं पत्र असेल, तर जपून ठेवा आणि जमलं तर आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.