मतदानाच्या दिवसांची हवा आणि गाणी

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींस तो थट्टेचा वाटण्याचा संभव आहे. निवडणुकीचा इतिहास म्हटला म्हणजे मतांचे आकडे, पक्षांची नावे आणि विजयाच्या मिरवणुका. त्या दिवशी ऊन कसे होते, अथवा शेजारच्या बिऱ्हाडातून कोणते गाणे ऐकू येत होते, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. परंतु एखाद्या जुन्या पुणेकरास विचारून पाहा. १९६२ साली पुण्यातून लोकसभेवर कोण गेले, हे सांगताना तो डोके खाजवील. मात्र मतदानास जाताना अंगात स्वेटर होता की डोक्यावर छत्री, हे तो तत्काळ सांगेल, आणि दोन मिनिटांत एखादे गाणेही गुणगुणू लागेल. अशा आठवणींवर इतिहासाने कितपत विश्वास टाकावा, हा प्रश्न मजपुढे एका चुकीमुळे उभा राहिला. ती चूक माझी स्वतःची असून मी ती पुष्कळ वर्षे वर्गात शिकविली. तिची हकीकत पुढे येईलच.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली, आणि सदतीस वर्षे मुलांना शिकवून २०१६ साली निवृत्त झालो. शिक्षकाच्या वाट्यास निवडणुकीचे काम यावयाचेच. तेही अनेकदा केले. याखेरीज मजपाशी एकच साधन आहे, ते म्हणजे माझ्या वडिलांची हिशेबाची वही. दूध, वाणी, घरभाडे यांच्या शेजारी ते कधीमधी एखादी ओळ हवेविषयी लिहीत असत.

हवा आणि निवडणूक यांचा संबंध आपल्या देशात अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतील बहुतेक मतदान १९५२ च्या आरंभी झाले. परंतु हिमाचलातील चिनी या डोंगरी भागात, ज्यास आज किन्नौर म्हणतात, ते २५ ऑक्टोबर १९५१ रोजीच उरकून घ्यावे लागले. हिवाळा लागला की तेथील वाटा बर्फाने बंद होतात, आणि मग मतपेट्या न्यावयाच्या कशा? त्या दिवशी प्रथम मत देणारे श्यामसरण नेगी हे गृहस्थ पेशाने शाळामास्तर होते, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. त्यांनी पुढची प्रत्येक निवडणूक पाहिली, आणि वयाच्या एकशे सहाव्या वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, शेवटचे मत देऊन काही दिवसांतच ते वारले.

पुण्यात मात्र बर्फाची भीती नव्हती. थंडी होती, एवढेच वडिलांनी १९५२ सालच्या पानावर लिहून ठेवले आहे. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तीवर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची. काकासाहेब गाडगीळ त्या वेळी पुण्यातून लोकसभेवर निवडून आले. गाण्यांचे म्हणाल तर ‘आवारा’ हा बोलपट नुकताच, म्हणजे डिसेंबर १९५१ मध्ये लागला होता, आणि शांतारामबापूंच्या ‘अमर भूपाळी’तील होनाजी बाळा घरोघर पोहोचला होता. आमच्या वाड्यात अठरा बिऱ्हाडे आणि रेडिओ एकच. तो मालकांच्या माडीवर असल्यामुळे मालकांची आवड ती सर्वांची आवड.

याच निवडणुकीचा गाण्यांवर जो परिणाम झाला, तो गमतीचा आहे. नव्या मंत्रिमंडळात माहिती व नभोवाणी खाते मिळाले ते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांस. गृहस्थ मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी. त्यांच्या कारकीर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, आणि लोकांनी आपले काटे सरळ रेडिओ सिलोनकडे फिरविले. तेथे १९५२ च्या डिसेंबरात अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. मतदारांनी राज्यकर्ते निवडले, राज्यकर्त्यांनी गाणी निवडली, आणि मतदार समुद्रापलीकडे गाणी ऐकू लागले! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारास माघार घ्यावी लागली. केसकरांची टिंगल करणे आज सोपे आहे. परंतु त्यांच्याच काळात, १९५३ साली, पुण्याचे नभोवाणी केंद्र निघाले, आणि तेथूनच १९५५-५६ मध्ये माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ छप्पन्न गीतांतून महाराष्ट्राने ऐकले, हेही विसरता कामा नये.

गीतरामायण संपले आणि वर्ष उलटण्याच्या आत १९५७ ची निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पुणे पेटले होते. घरात सुधीर फडके यांचा शांत सूर ऐकणारी माणसेच सायंकाळी मैदानात अमर शेखांची पहाडी ललकारी ऐकावयास जात. अण्णा भाऊ साठे यांची ‘मैने’ची लावणी, गवाणकरांची कवने आणि डफ-तुणतुण्याचा तो ठेका यांनी व्याख्यानांच्या बरोबरीने काम केले. पुण्यातून समितीतर्फे नानासाहेब गोरे लोकसभेवर व एस. एम. जोशी विधानसभेवर निवडून आले. वडिलांच्या वहीत या दिवसांपुढे दोनच शब्द आहेत : “घसा बसला.” उन्हाळ्याच्या तोंडी घसा बसला तो कशाने, हे आमच्या आईने आम्हांस पुढे सांगितले. वडील एरवी घरात मोठ्याने बोलतही नसत.

येथे एक खुलासा करावयास हवा. ही शाहिरी व हे कर्णे मतदानाच्या आदल्या दिवसांतले. प्रत्यक्ष मतदानाचा दिवस हा शांततेचा असतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ व्या कलमान्वये मतदान संपण्यापूर्वीचे अठ्ठेचाळीस तास जाहीर सभांस मनाई आहे. पंधरा-वीस दिवस कान किटविणारे ध्वनिक्षेपक एकाएकी थांबले की जी शांतता पसरते, तीत शेजारचा रेडिओ ऐकू येऊ लागतो. एरवी ज्याकडे आपण लक्षही देणार नाही असे गाणे त्या दिवशी मनात घर करते, त्याचे कारण मला हेच दिसते. १९६७ च्या फेब्रुवारीत मी नऊ वर्षांचा होतो. खिशात बैलजोडीपासून पणतीपर्यंत सर्व पक्षांचे कागदी बिल्ले भरून मी वडिलांचे बोट धरून निघालो. सकाळी गारवा, दहा वाजता चटका, ही पुण्यातील फेब्रुवारीची रीत. त्या निवडणुकीत एस. एम. जोशी लोकसभेवर गेले, हे मला पुढे पुस्तकात कळले; मला आठवते ती गल्लीतील शांतता, आणि एका खिडकीतून येणारा लताबाईंचा सूर.

आता माझ्या चुकीकडे वळतो. १९७७ सालच्या मार्चमध्ये, १६ ते २० या तारखांत, देशभर मतदान झाले. आणीबाणी अद्याप उठली नव्हती. मी एकोणीस वर्षांचा. मताचा अधिकार त्या काळी एकविसाव्या वर्षी मिळत असे, तो अठराव्या वर्षी मिळू लागला १९८९ पासून. म्हणून मी केवळ वडिलांच्या सोबतीस गेलो होतो. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा माणूस प्रचाराच्या व्यासपीठावर उभा राहिल्यामुळे सारे शहर भारले होते. मत देऊन परतताना आम्ही एका अमृततुल्य चहाच्या दुकानात टेकलो. ऊन रणरणत होते. रेडिओवर ‘आँधी’ चित्रपटातील गाणे लागले होते, किशोरकुमार गात होते, आणि वडील चहाची बशी हातात तशीच धरून ते ऐकत राहिले. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर इतके स्पष्ट होते, की नागरिकशास्त्राच्या तासाला मतदानाचा धडा आला म्हणजे मी मुलांना ते हमखास सांगत असे. मुलेही तेवढा वेळ निमूट बसत.

निवृत्तीच्या सुमारास एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. चहा झाल्यावर तो संकोचाने म्हणाला, “गुरुजी, आपण सांगत होता ते गाणे त्या दिवशी आकाशवाणीवर लागलेच नसेल. किशोरकुमारांच्या गाण्यांस तेव्हा बंदी होती.” मी चमकलो. शोध घेता त्याचे म्हणणे खरे ठरले. सरकारी कार्यक्रमात सहभागी होण्यास त्यांनी नकार दिल्यामुळे मे १९७६ पासून आकाशवाणी व दूरदर्शन यांवरून त्यांचा आवाज बंद करण्यात आला होता; आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढेही हे प्रकरण आले. ‘आँधी’ चित्रपटच आणीबाणीत रोखून धरला गेला होता, हे तर मला ठाऊकच होते. परंतु ठाऊक असलेल्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी मला चाळीस वर्षांत झाली नाही.

मग ते गाणे आले कोठून? रेडिओ सिलोनवर आपल्या सरकारचा हुकूम चालत नव्हता. दुकानदाराने सिलोन लावले असणे शक्य आहे. शेजारी कोणी ग्रामोफोनवर तबकडी लावली असणेही शक्य आहे. वडिलांची वही काढून पाहिली. तीत त्या दिवशीची नोंद अशी : “मतदान केले. ऊन फार. चि. बरोबर. चहा.” गाण्याचा उल्लेख नाही. पुढे पाच-सहा दिवसांनी मात्र एक ओळ आहे : “रेडिओ दुरुस्त करून आणला. सायंकाळी गाणी.” २१ मार्चला आणीबाणी उठली होती, निकाल लागले होते, आणि बंदी घातलेला आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला होता. माझा समज आता असा आहे, की मी हे दोन दिवस एकत्र शिवले. ऊन मतदानाच्या दिवसाचे, गाणे नंतरच्या सायंकाळचे. बशी हातात धरून बसलेले वडील कोणत्या दिवसाचे, हे मात्र सांगता येत नाही, आणि त्यांना विचारण्याची सोय आता उरलेली नाही.

या प्रकारानंतर माझे असे मत झाले आहे की हवेच्या आठवणीवर गाण्याच्या आठवणीपेक्षा अधिक विसंबावे. मार्चमधील ते ऊन एकदाच अंगावर पडले. गाणे पुढे शंभर वेळा कानावर आले, आणि प्रत्येक वेळी त्याने जुन्या चित्रात थोडी सरमिसळ केली. शिवाय हवेस साक्षीदार असतो. १९२८ साली हवामान खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस लोक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि रोजचे तपमान तेथे नोंदले जाते. कोणत्या दिवशी कोणत्या खिडकीतून कोणते गाणे आले, याची कचेरी कोठेही नाही.

१९८० च्या जानेवारीत माझी पहिली नेमणूक वेल्हे तालुक्यातील एका शाळेत झाली. डोंगरातली थंडी ती. मतपेटीस लाख लावण्यासाठी पेटविलेल्या मेणबत्तीवर आम्ही आळीपाळीने हात शेकले. बंदोबस्ताचा शिपाई मध्यरात्री दादा कोंडके यांच्या चित्रपटातले पावसाचे गाणे म्हणू लागला, तेव्हा त्या कडाक्यात आम्हांस हसू आवरेना. याविषयी मी चुकत नाही, असे मला वाटते. पण आता शपथ घेणार नाही.

१९८४ च्या डिसेंबरात प्रचारासाठी ध्वनिफिती आल्या, चित्रपटगीतांच्या चालींवर पक्षांची गाणी रिक्षांतून फिरू लागली. पुढे शेषन यांच्या कारकीर्दीत कर्ण्यांच्या आवाजास व वेळेस लगाम बसला. खरा पालट मात्र ऋतूचा झाला. १९५२ पासून १९८९ पर्यंत लोकसभेच्या निवडणुका नोव्हेंबर ते मार्च या काळात होत गेल्या. नंतर लोकसभा वेळेआधी विसर्जित होत गेल्या, तारखा सरकल्या, आणि २००४ पासून एप्रिल-मे हाच निवडणुकीचा हंगाम झाला. उन्हाळ्यात लाख वाळत नाही, माणसे मात्र वाळतात, असे आम्ही मास्तर मंडळी म्हणत असू. २०१९ मध्ये पुण्याचे मतदान २३ एप्रिलला झाले, आणि अवघ्या पाच दिवसांनी शिवाजीनगरचा पारा ४३ अंशांवर गेला. येथील आजवरचा उच्चांक ४३.३ अंशांचा, तो ३० एप्रिल १८९७ चा. २०२४ मध्ये निवडणूक आयोगास उष्म्यापायी हवामान खात्याची मदत घ्यावी लागली. १९५१ साली बर्फाने ठरविलेली गोष्ट आता ऊन ठरवू पाहत आहे. मध्यंतरी १८ ऑक्टोबर २०१९ रोजी सातारच्या सभेत शरद पवार भर पावसात बोलत राहिले, आणि त्या निवडणुकीची आठवण म्हणजे तो पाऊसच होऊन बसला.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मी माझ्या नातीस घेऊन मतदानास गेलो. पुष्कळ वर्षांनी मतदानाच्या सकाळी गारवा होता. रांगेपर्यंत पोहोचेतो तिच्या कानांत त्या बारीक गोळ्या होत्या, आणि रस्त्यावर पाहता बहुतेक तरुणांच्या कानांत त्या होत्याच. खिडक्यांतून काही ऐकू येत नव्हते. “काय ऐकतेस?” असे मी विचारले, तेव्हा तिने एक गोळी काढून माझ्या कानात घातली. गाणे ठेक्याचे होते. शब्द मला कळले नाहीत. घरी आल्यावर मी वडिलांची वही काढली. तीत शेवटची काही पाने कोरी आहेत. तारीख घातली, “सकाळी गारवा” असे लिहिले, आणि गाण्याचे नाव नातीस तिच्याच हस्ताक्षरात लिहावयास सांगितले.