काठापलीकडचं उणे चिन्ह

एखाद्या क्षेत्रात काठावरच्या अटी पाळून लाप्लासचं समीकरण सोडवलं. आता तेच उत्तर काठापलीकडे कसं न्यायचं? पाठ्यपुस्तकं हेर्मान श्वार्ट्झच्या १८६९च्या परावर्तन तत्त्वाकडे बोट दाखवतात आणि पुढे सरकतात. माझ्या मते हे कूळ त्याहून जुनं आहे, आणि त्याचा धागा एका उणे चिन्हात सापडतो.

१८४५च्या सुमारास विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, विजेच्या प्रतिमा मांडत होता. जमिनीला जोडलेल्या सपाट पत्र्यासमोर विद्युतभार ठेवला, तर लाप्लासचं समीकरण पाळणारं विभव पत्र्यावर शून्य हवं. थॉमसनची युक्ती अशी, की पत्रा काढायचा आणि मागे तेवढ्याच अंतरावर तेवढाच उणे भार ठेवायचा. समोरचं उत्तर तसंच राहतं आणि पलीकडेही पसरतं.

आता बर्लिन, १८६५. सुसम चतुष्फलकाच्या चार कडांची तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवली की खोगिरासारखा पापुद्रा ताणला जातो. त्यावर श्वार्ट्झचा निबंध आहे. हा पापुद्रा एका कडेभोवती १८० अंशांत फिरवून मूळ पापुद्र्याला जोडा, सांध्यावर घडी पडत नाही. प्रत्येक कडेभोवती असंच करत गेलं की तिन्ही दिशांना अखंड पसरत जाणारा पृष्ठभाग मिळतो.

घडी का पडत नाही? पापुद्र्यावर योग्य जाळं आखलं की तिन्ही सहनिर्देशक लाप्लासचं समीकरण पाळतात. कड हाच एक अक्ष धरला, तर उरलेले दोन सहनिर्देशक कडेवर शून्य असतात, अगदी पत्र्यावरच्या विभवासारखे. म्हणून पलीकडे ते उणे होऊन उतरतात. कडेच्या दिशेतल्या सहनिर्देशकाला तिथे आडवा उतारच नसतो, तो चिन्ह न बदलता जातो. दोन चिन्हं उलटली, एक राहिलं, म्हणजेच १८० अंशांचं फिरणं! श्वार्ट्झचं फिरवणं आणि थॉमसनचा उणे भार ही एकच गोष्ट आहे.

काहीजण या तत्त्वाच्या उगमाचा मान गणितज्ञ रीमानला देतील. १८६७मध्ये मरणोत्तर छापलेल्या त्याच्या लेखात याच चौकटीचा पापुद्रा आहे, हे खरंच. इतर म्हणतील, तत्त्व बहुभुज वर्तुळावर नेण्याच्या प्रश्नातून आलं, कारण १८६९चा लेख त्याचाच. माझा कौल साबणाला. पापुद्र्याचा निबंध चार वर्षं आधीचा आहे, आणि कडेपलीकडे काय, हा प्रश्न तारेची चौकट हातात असलेल्या माणसालाच आधी पडणार. थॉमसनने प्रतिमांविषयी लिहिलेली पत्रं लिऊव्हिलच्या पॅरिसच्या नियतकालिकात छापली होती. बर्लिनमध्ये ती वाचली गेलीच असणार, असं मी धरून चालतो.

पुढे १९५९मध्ये हान्स लेवीने दोन चलांच्या एलिप्टिक समीकरणांसाठी परावर्तनाचे नियम दिले. तिथे एका बिंदूची प्रतिमा सहसा एका बिंदूत मावत नाही, वाटेवरचं संकलनही करावं लागतं. आणि आतून २७० अंशांचा कोपरा आला की युक्ती अडते. तिथे उत्तर साधारणपणे अंतराच्या दोन-तृतीयांश घातानं वागतं, त्याचा उतार कोपऱ्यात अनंत होतो, आणि कुठलंही चिन्ह उलटून ते गुळगुळीतपणे पलीकडे जात नाही.