अग्निशमन यंत्रणेचे कारागीर आणि त्यांचा परवाना

महाराष्ट्रात आगीशी झुंजणाऱ्या जवानाच्या प्रशिक्षणाची सोय आधी झाली आणि इमारतीत आग विझवणारी यंत्रणा बसवणाऱ्याची पात्रता तपासण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने आली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागून स्फोट झाले आणि ६६ अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. पुढे १९५६ मध्ये रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले, ते वर्षभरात नागपूरला हलले आणि देशभरातील अधिकारी तेथे शिकू लागले.

यंत्रणा बसवणाऱ्यांवर मात्र दीर्घकाळ मुख्य वचक होता तो विमा व्यवसायाचा. छतालगतच्या नळ्यांना तुषारशीर्षे, म्हणजेच स्प्रिंकलर, जोडलेली असतील आणि जोडणी विमा क्षेत्राच्या शुल्क सल्लागार समितीच्या नियमांप्रमाणे असेल, तर हप्त्यात सवलत मिळे. त्यामुळे कारखानदार कामाच्या दर्जाकडे लक्ष देत, परंतु जेथे असा विमाच नव्हता त्या निवासी इमारतींना या शिस्तीचा लाभ झाला नाही.

या कामात कारागिराच्या हाताला किती महत्त्व आहे, हे एका तुषारशीर्षावरूनही कळते. त्यातील लाल द्रवाची काचेची कुपी साधारणतः ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाण्याची वाट मोकळी होते. पण छत रंगवताना तिच्यावर रंगाचा थर बसला तर उष्णता उशिरा पोहोचते, आणि दुरुस्तीसाठी बंद केलेली झडप तशीच राहिली तर कुपी फुटूनही पाणी येत नाही. जॉकी पंप, म्हणजे नळीतील दाब कायम राखणारा छोटा पंप, नादुरुस्त असला तरी तो दोष बाहेरून सहसा दिसत नाही, म्हणून ठरावीक मुदतीने जाणकाराकडून तपासणी होणे अपरिहार्य ठरते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने ही जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली, यंत्रणा बसवणे व तिची देखभाल करणे ही कामे राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांकडून परवाना मिळालेल्या अभिकरणाकडेच, म्हणजे अशा व्यक्तीकडे वा संस्थेकडेच सोपवली, आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत देण्याचे बंधन घातले. ही तरतूद मोलाची आहे, कारण सही करणारा आता ओळखता येतो आणि त्याचा परवाना काढूनही घेता येतो. तरीही परवाना अभिकरणाच्या नावे निघतो. शिडीवर चढून नळी जोडणारा फिटर बहुधा प्लंबिंग किंवा वेल्डिंग शिकून आलेला असतो आणि दाबचाचणी, झडपांची नोंद, पंपाची जुळणी हे सारे कामावरच शिकतो, तेव्हा कायद्याने ज्याच्या कामावर इतका भरवसा ठेवला आहे, त्या फिटरसाठी स्वतंत्र प्रशिक्षण आणि स्वतंत्र प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे.