नावातला खड्डा

मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असते तेव्हा दोराच्या कडेला एक काळा कुत्रा बसून असतो. जाळं वाळूला लागलं की उठतो, कुणाच्या पायांत येत नाही, बाजूला टाकलेली बारकी मासळी तेवढी उचलतो. त्याची जात विचारा, "गावठी" म्हणतील. मालक विचारा, "गावाचो" म्हणतील. आंब्यांत जसा रायवळ, तसा कुत्र्यांत हा. रक्तावरून कुत्र्याचा स्वभाव ठरवायची रीत इथली नाही, आणि जिथून ती आली तिथेही ती फार जुनी नाही.

'पिटबुल' हेच नाव घ्या. बुल म्हणजे बैल, पिट म्हणजे खड्डा. इंग्लंडमध्ये बैलाला खुंट्याला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचे, कुत्र्यानं नाक धरून त्याला लोळवायचं, असा खेळ होता. झुंजीचा नाद काय असतो हे मालवणच्या माणसाला समजावून सांगायला नको. पलीकडे गोव्यात धिर्यो, म्हणजे बैलांच्या झुंजी, बंद करायला 1996 मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ब्रिटनमध्ये 1835 च्या कायद्यानं बैलावर कुत्रे सोडण्याच्या त्या खेळावर बंदी आली. पण बैल लपवता येत नाही, कुत्रे लपवता येतात. नाद चोरून खड्ड्यांत शिरला आणि कुत्रा कुत्र्यावर घातला जाऊ लागला. बुलडॉगची पकड नि टेरियरची चपळाई एकत्र यावी म्हणून दोघांचा संकर केला गेला. माणसानं त्याला ज्या खड्ड्यात उतरवलं, त्याचंच नाव त्या कुत्र्याला चिकटलं.

जातींच्या नोंदवह्या त्यानंतरच्या. लंडनचा केनेल क्लब 1873 चा. अमेरिकेत एका क्लबनं 1898 पासून पिटबुलची नोंद सुरू केली. दुसऱ्यानं 1936 मध्ये त्याच कुळातले कुत्रे 'स्टॅफर्डशायर टेरियर' म्हणून स्वीकारले. कुळ एकच, नावं दोन.

अशा नावांवरच पुढे बंदीच्या याद्या बेतल्या गेल्या. ब्रिटननं 1991 मध्ये चार प्रकारांवर बंदी घातली. आपल्याकडे 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्र पाठवून 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. पिटबुल आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, दोघेही त्यात होते. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता काढलेलं ते पत्र कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी एप्रिलमध्ये रद्द केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात हणजुण्याला पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला. त्या घराला कुठली आकडेवारी सांगणार? ताकदीच्या कुत्र्यानं धरलं तर जीव जातो, ही भीती खरी आहे.

तरीही यादीनं ती भीती कमी होईल असं मला वाटत नाही. 2022 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आणि त्यांतल्या दोन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांवर आधारलेला अभ्यास आला. कुत्र्याकुत्र्यांतल्या वागण्याच्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीनं उलगडतो, असं त्यात दिसलं. बाकीच्यात माणसाचाही हात असतो: कसं वाढवलं, किती कोंडलं, कशासाठी चिथावलं. आपला जुना कायदा हे ओळखून होता. 1860 च्या दंडसंहितेचं कलम 289, आताच्या न्याय संहितेतलं 291, प्राण्याची जात विचारत नाही. तो सांभाळण्यात हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेत धाडू शकतं. ते कलम कडक करा, पैदास करणाऱ्यांच्या दारात जाऊन तपासणी करा, माझी काही तक्रार नाही.

गेल्या हिवाळ्यात तारकर्लीच्या वाटेवर एका बंगल्याच्या आवारात मी एक कुत्रा पाहिला. वर्षाचाही नसेल. माडाला दोन हात साखळीनं बांधलेला. मला बघून शेपूट हलवत साखळी ताणेपर्यंत पुढे आला. राखणदाराला विचारलं, "सोडता कधी?"

"सोडूचो नाय. पिटबुल आसा तो."

माडाभोवती, साखळी पोचेल तिथपर्यंत, फिरून फिरून वाळू वीतभर खोल गेली होती.